चिल्लर निवडणारे यंत्र

नाणी निवडणारे यंत्र एका साध्या गोष्टीवर चालते: लहान नाणे लहान फटीतून पडते, मोठे पुढे जाते. बँकांमध्ये आणि मोठ्या देवस्थानांमध्ये हे काम विजेवरची तयार यंत्रे करतात. तेच यंत्र घरी बांधायचे झाले तर एक उतरता रूळ, चिल्लर ओतायला चाडे, थोडे लोहचुंबक, एक छोटी मोटर आणि पाच-सहा डबे एवढ्यावर भागते. सुतारकाम किंवा फॅब्रिकेशन जाणणाऱ्या हाताला ते अवघड नाही. अवघड आहेत ती आपली नाणी. एकाच मूल्याची, वेगवेगळ्या काळात पाडलेली, वेगवेगळ्या मापांची नाणी आजही एकाच गल्ल्यात सापडतात, आणि घरच्या यंत्राची सगळी बांधणी या एका वस्तुस्थितीभोवती करावी लागते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले चुडावा हे पूर्णा जंक्शन आणि लिंबगाव यांच्यामधले स्टेशन, पुढे नांदेड. अशा गावात चिल्लर साचण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पिठाची गिरणी, किराणा दुकान, चहाची टपरी, देवळाची दानपेटी, पोरांचे मातीचे गल्ले. यात्रा-उरुसांच्या दिवसांत ती एकदम वाढते. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस असतो. तिथे खेळणी आणि रेवड्या विकून परतणाऱ्याच्या पिशवीच्या तळाशी नाण्यांचे ओझे असतेच. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागली तरी चिल्लर संपलेली नाही. उलट सुटे म्हणून परत देण्याचे प्रसंग कमी झाल्याने गल्ल्यात आलेले नाणे तिथेच पडून राहते, आणि एक दिवस ते सगळे बँकेत न्यावे लागते.

हाताने निवडण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सतरंजीवर ढीग ओतायचा, आधी दहाची आणि पाचाची नाणी बोटांनी ओढून घ्यायची, मग एक-दोनचा किचकट भाग, शेवटी दहा-दहाच्या चळती. दोन-तीनशे नाण्यांपर्यंत हात यंत्राहून सरस आहे. त्यापुढे मात्र डोळे थकतात, आणि थकलेला डोळा एकाच्या चळतीत दोनाचे नाणे घालतो. यंत्राची गरज इथून सुरू होते.

व्यासावर चालणारे यंत्र सगळ्यात चांगले चालेल ते २०१९ च्या मालिकेवर. ७ मार्च २०१९ रोजी जाहीर झालेली ही नाणी दृष्टिहीनांना स्पर्शाने ओळखता यावीत अशी घडवलेली आहेत. मूल्य वाढते तसे आकार आणि वजनही वाढते. एक रुपया २० मिलिमीटरचा, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा आणि वीस रुपये २७; आणि दहा-वीसमध्ये घोटाळा होऊ नये म्हणून वीसचे नाणे बारा कोनांचे. अंध माणसाच्या बोटांना जे हवे असते तेच उतरत्या रुळालाही हवे असते: चित्र न पाहता, अक्षर न वाचता, नुसत्या देहावरून ओळख पटावी. नाण्यांच्या रचनेत इतका समजूतदार विचार क्वचितच झाला असेल. गल्ल्यात एवढी एकच मालिका असती तर यंत्र बांधणे सुट्टीच्या एका दिवसाचे काम होते.

पण जुनी मालिका चलनातून गेली नाही, आणि जायचे कारणही नव्हते. २०११ च्या मालिकेतला एक रुपया जवळजवळ २२ मिलिमीटरचा आहे, दोन रुपये २५ मिलिमीटरचे आणि पाच रुपये २३ मिलिमीटरचे. म्हणजे दोन आणि पाच यांनी मापांची थेट अदलाबदल केली. २५ मिलिमीटरची फट जुने दोन रुपये आणि नवे पाच रुपये एकाच डब्यात पाडते. २३ ची फट नवे दोन आणि जुने पाच. त्याहून मागे गेले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. धातू महागत गेला तशी नाणी आक्रसत गेली, आणि ती एकेक पायरी खाली उतरली. २०११ च्या एक रुपयाने जुन्या पन्नास पैशांचे अंग घेतले: व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास, वजन ३.७९ ग्रॅम. २०११ च्या दोन रुपयांनी जुन्या एक रुपयाचे अंग घेतले: व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम, धातूही तोच, फेरिटिक स्टेनलेस स्टील. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, त्यामुळे त्यांचा त्रास उरला नाही. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, व्यवहारात जवळपास दिसेनासे झाले आहेत.

या भागाला नाणी पारखून घेण्याची सवय नवी नाही. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया हे दोन्ही लोकांच्या परिचयाचे होते. सात हाली म्हणजे सहा कलदार असा त्यांचा हिशेब. दोन्हींना रुपयाच म्हणत, पण एकाच पिशवीत टाकून मोजत नसत. हाली सिक्का १९५९ मध्ये कायमचा बंद झाला. तेव्हा निवड होत होती ती किमतीची, आणि घरी यंत्र बांधणाऱ्यानेही हेच धरून चालावे. नाणे कोणत्या मालिकेतले आहे हे यंत्राला कळण्याची गरज नाही, त्याचे मूल्य कळले की झाले. त्यामुळे कागदावर दिसणारी निम्मी गुंतागुंत आपोआप गळून पडते.

आता रूळ. नाणे त्यावर काठावर उभे राहून घरंगळते. रुळाच्या मागे एक पाठ असते, ती उभ्यापेक्षा वीसेक अंश मागे कललेली, म्हणजे घरंगळणारे नाणे पाठीला टेकूनच जाते. या पाठीत ओळीने खिडक्या कापलेल्या असतात. प्रत्येक खिडकीची खालची कड रुळाला लागून आणि वरची कड ठरावीक उंचीवर. त्या उंचीपेक्षा मोठ्या नाण्याचा माथा वरच्या कडेला टेकलेला राहतो आणि ते निवांत पुढे जाते. लहान नाण्याच्या माथ्याला टेकायला काहीच मिळत नाही. ते मागे कलंडते आणि खिडकीतून खालच्या डब्यात पडते. पहिली खिडकी सगळ्यात लहान नाण्याची, शेवटची सगळ्यात मोठ्याची. खिडकीची उंची नाण्याच्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावी. २२ आणि २३ च्या नाण्यांत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक असल्याने याहून सैल ठेवून चालत नाही.

खिडकी लांबीला किती असावी, यात बहुतेकांचे पहिले यंत्र फसते. सपाट चकतीसारखी वस्तू उतारावर घरंगळते तेव्हा तिचा वेग वजनावर किंवा व्यासावर अवलंबून नसतो; एक रुपया आणि दहा रुपये एकाच वेगाने खाली येतात. ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण सगळ्या नाण्यांसाठी एकच हिशेब पुरतो. रूळ पंधरा अंशांनी उतरता असेल तर चाळीस सेंटिमीटर गेल्यावर नाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर जातो. मागे कलंडून पाठीबाहेर सुटायला नाण्याला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात ते साडेतीन-चार सेंटिमीटर पुढे गेलेले असते. म्हणून खिडकी निदान सहा-सात सेंटिमीटर लांब हवी, आणि खालच्या टोकाकडच्या खिडक्या त्याहून थोड्या लांब. नुसता नाण्याएवढा गोल कापला तर नाणे त्यावरून उडी मारून निघून जाते. उतार आठ-दहा अंशांवर आणला की यंत्र मंद होते, पण चुका फार कमी होतात. घरच्या कामात घाई कसली! उतार कमीच ठेवावा.

पाठीसाठी प्लायवूड वापरण्याचा मोह होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते उत्तम राहते आणि आषाढ-श्रावणात दगा देते: हवेतला ओलावा पिऊन फुगते, वाकते आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब मोडतो. तीन मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची शीट किंवा खिडक्या बनवणाऱ्यांकडे मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्यावी. अ‍ॅक्रिलिक उन्हाने फुगेल ही भीती मनात येते, पण तीस अंशांच्या फरकाने पंचवीस मिलिमीटरची खिडकी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीच बदलते. ते सोडून द्यावे.

व्यासाने जे सुटत नाही ते लोहचुंबकाने सुटते. एक आणि दोन रुपयांची चालू नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत. त्यात लोखंड ८३ टक्के, क्रोमियम १७ टक्के, आणि ती चुंबकाला झटकन चिकटतात. पाच रुपयांचे आजचे नाणे निकेल-पितळेचे, त्याआधीचे जाडजूड पाच रुपये तांबे-निकेलचे. दोन्ही चुंबकाला ओळख देत नाहीत. २०११ पासूनचे दहाचे आणि वीसचे नाणेही चिकटत नाही. म्हणजे रुळाच्या आधी एक चुंबकाचा टप्पा ठेवला की पोलादी नाणी एका बाजूला आणि बाकीची दुसऱ्या बाजूला होतात, आणि दोन-पाचच्या मापांची अदलाबदल त्रास देईनाशी होते.

हा टप्पा करण्याची सगळ्यात टिकाऊ पद्धत म्हणजे ढोल. चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आडवा ठेवून मोटरने हळूहळू फिरवायचा. पाइपच्या आत जुन्या स्पीकरमधले काळे फेराइट चुंबक एका अर्धगोल फळीवर बसवायचे. पाइप फिरतो, चुंबक मात्र जागचे हलत नाहीत. नाणी वरून ढोलावर पडतात. पाच, दहा आणि वीसची पुढच्या बाजूने सरळ घसरून जातात. पोलादी नाणी पाइपला चिकटून खालच्या बाजूपर्यंत जातात आणि चुंबकांची कमान संपते तिथे सुटून पडतात. डाळ मिल आणि तेल गिरण्यांत धान्यातले खिळे-तुकडे काढायला हीच युक्ती मोठ्या मापात वापरतात. हार्ड डिस्कमधले चकचकीत निओडिमियम चुंबक इथे मुद्दाम टाळावेत. ते इतके जोरदार असतात की नाणी एकमेकांना चिकटून जोडीने पडतात, आणि जोडी रुळावर आली की अडकते. ढोल आणि रूळ यांच्यात हातभर अंतर असावे, नाहीतर पोलादी नाणे उतारावरही रेंगाळते.

ढोलानंतर रूळ दोन होतात. चुंबकाला न चिकटलेल्यांचा रूळ सोपा: २३ आणि २५ या दोन्ही खिडक्या पाचाच्याच, त्या एका डब्यात सोडाव्यात. जाड पाच रुपये ९ ग्रॅमचे असले तरी व्यासाने २३ मिलिमीटरच, त्यामुळे तेही तिथेच पडतात. फक्त या रुळाची रुंदी त्यांना पुरेल अशी ठेवावी. शेवटी दहा आणि वीस उरतात, दोन्ही २७ मिलिमीटरची. इथे भूमिती कामाला येते. बारा कोनी नाण्याचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप २७ धरले तर सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचे माप २६ च्या जरासे वर भरते. वीसचे नाणे घरंगळताना दर सात मिलिमीटरवर एकदा सपाट बाजूवर येते आणि त्या क्षणी त्याची उंची जवळजवळ एक मिलिमीटरने उतरते. साडेसव्वीस मिलिमीटर उंचीची खिडकी ठेवली की गोल दहा रुपये तिच्यावरून निघून जातात आणि वीस रुपये ठेचकाळत येऊन तिच्यात पडतात. एखादे जुने अकरा कोनी दोन रुपये इथे आले तर तेही याच डब्यात पडते, पण त्याची चण निराळी असल्याने डोळ्यांना लगेच दिसते.

पोलादी नाण्यांचा रूळ अरुंद हवा, सव्वादोन-अडीच मिलिमीटर. ही नाणी पातळ असतात, आणि एवढ्या रुंदीत दोन नाणी शेजारीशेजारी मावत नाहीत. पहिली खिडकी २० ची, नव्या एक रुपयाची. दुसरी २२ ची, २०११ च्या एक रुपयाची. दोन्हींचा डबा एकच. तिसरी २३ ची, नव्या दोन रुपयांची. २००७ च्या सुमारास पाडलेले पोलादी पाच रुपये अधूनमधून याच डब्यात येतात, पण ते ६ ग्रॅमचे आणि नवे दोन रुपये ४.०७ ग्रॅमचे, हातात घेताच फरक कळतो. शेवटच्या टोकाला २७ मिलिमीटरच्या घरातले जुने मोठे दोन रुपये पडतात. राहिली ती चौथी खिडकी, २५ मिलिमीटरची.

या खिडकीखालच्या डब्यात जुना एक रुपया आणि २०११ चे दोन रुपये एकत्र येतात. व्यास तोच, वजन तेच, धातू तोच. चाळणी, काटा, चुंबक, विजेच्या कुंडलाने धातू ओळखण्याची चाचणी, यांपैकी कशानेही ती वेगळी होत नाहीत. वेगळे आहे ते फक्त त्यांच्यावर उमटवलेले, आणि ते पाहायला डोळा लागतो. कॅमेरा बसवून आणि त्याला चित्र ओळखायला शिकवून हे करता येते. हौस असेल त्याने जरूर करावे. पण घरच्या यंत्रासाठी दुसरा मार्ग अधिक सरळ आहे. या डब्याला वेगळा रंग द्यावा आणि त्याची निवड हातावर सोपवावी. यंत्राने ओळखता येईल तेवढेच ओळखावे आणि उरलेले अंदाजाने कुठल्याही डब्यात न ढकलता माणसाच्या हाती द्यावे, हा गुण वेगापेक्षा मोठा आहे. शंभर नाण्यांच्या पिशवीत चार नाणी चुकली तर बँकेच्या खिडकीवर सगळ्या पिशव्या पुन्हा मोजाव्या लागतात. रंगवलेला डबा हाताने निवडायला त्याच्या दशांशही वेळ लागत नाही.

हे काम उजेडात बसून करायचे. नाणी पसरून सगळी आकड्याच्या बाजूने उलटवायची. २०११ च्या दोन रुपयांवर आकड्याच्या वर रुपयाचे ₹ हे चिन्ह असते. जुन्या एक रुपयावर ते नसते. २००७ नंतरच्या काही एक रुपयांवर अंगठा वर केलेला हात आहे, त्याआधीच्या पोलादी रुपयावर आकड्याच्या दोन्ही बाजूंना कणसे. सालाखाली टांकसाळीची खूण दिसते: मुंबईची शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. निवडीसाठी तिचा उपयोग नाही, पण पोरे शेजारी बसली की हीच खूण आधी विचारतात, आणि सांगायला हरकत नसावी.

नाणी रुळापर्यंत एकेक करून पोहोचवणे हे यंत्राचे सगळ्यात त्रासदायक अंग. तिफणीच्या चाड्यात मुठीने सोडलेले बी नळ्यांतून एकसारखे उतरते आणि मूठ अडखळली की ओळीत खाडे पडतात. यंत्राच्या चाड्यालाही तशीच एकसारखी धार सांभाळावी लागते. त्यासाठी चाड्याच्या तळाशी पंचेचाळीस-पन्नास अंशांत तिरपी चकती बसवतात. चकतीला २८ मिलिमीटर व्यासाचे आठ खण, खोली दोन मिलिमीटर. चकती फिरते, खण ढिगातून जाताना प्रत्येकात एक नाणे बसते आणि वर जाते. वर चढून बसलेले दुसरे नाणे तिरपेपणामुळे घसरते, न घसरले तर वाटेतला मऊ ब्रश ते ढकलून देतो. मिनिटाला दहा फेरे घेणारी १२ व्होल्टची गिअर मोटर इथे पुरते. काही खण रिकामे जातात हे धरूनही हजार नाणी पंधरा-वीस मिनिटांत निघतात. मोटर इन्व्हर्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. ती चकतीला थेट न जोडता मध्ये रबरी पट्टा ठेवावा. नाणे अडकले की पट्टा घसरतो आणि चकती फुटण्याचे वाचते.

मोजणी हवी असेल तर प्रत्येक खिडकीखाली इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड समोरासमोर लावून त्यांची जोडणी आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर करता येते. नाणे मधून पडले की उजेड तुटतो आणि आकडा एकने वाढतो. दारातून येणारे ऊन हे या सेन्सरचे वैरी आहे, कारण त्यातही तोच न दिसणारा उजेड असतो. खिडकीखालचा भाग काळ्या कागदाने झाकला की आकडे ठिकाणावर येतात.

देखभालीला बांधणीइतकेच महत्त्व आहे, आणि ती सुरू होते नाण्यांपासूनच. दानपेटीतली नाणी हळद-कुंकवाने आणि तेलाने माखलेली असतात, टपरीवरची साखरेने चिकट, गिरणीतली पिठाने भरलेली. अशी नाणी तशीच ओतली तर दोन दिवसांत रुळावर काळा चिकट थर बसतो. कोमट पाण्यात साबणाचा थोडा फेस करून ती हलवावीत, स्वच्छ पाण्यातून काढावीत आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. ओले नाणे पाठीला चिकटून राहते आणि स्वतःच्या खिडकीवरून निघून जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी नाण्यांना चिंच लावू नये. आंबटाचा अंश धातूवर उरतो, आणि दहा-वीसच्या नाण्यांत दोन धातू जिथे एकमेकांना भिडतात तिथे तो नीट निघतही नाही.

रुळाला तेल देऊ नये. गुळगुळीत करायच्या हेतूने ते सुचते, पण या भागातल्या काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की तेलाच्या थरावर बसून तिचा लगदा होतो. रूळ कोरड्या फडक्याने पुसावा. फारच अडखळला तर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळावी. तेलाचा थेंब फक्त मोटरच्या आणि ढोलाच्या बेअरिंगला. कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि ते धूळ ओढते, म्हणून पाठ पुसायचे फडके किंचित ओलसर असावे. चुंबकाच्या ढोलावर लोखंडाची बारीक भुकटी दाढीच्या खुंटासारखी उभी राहते. ती बोटांनी निघत नाही, चिकटपट्टी दाबून ओढली की एका दमात येते. कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू चाड्याच्या ब्रशमध्ये गुंततात, तेव्हा ब्रश आठवड्याला काढून झटकावा. पावसाळ्यात सेन्सरच्या जोडांवर हिरवट गंज धरतो. जोड झाळून घेतलेले असले तर तो त्रास जवळजवळ राहत नाही.

अचूकता तपासण्यासाठी चांगल्या स्थितीतल्या नाण्यांचा एक नमुना संच ठेवावा: प्रत्येक मालिकेतले प्रत्येक मूल्याचे एक नाणे, वेगळ्या डबीत. काम सुरू करण्याआधी हा संच रुळावरून एकदा सोडला की कोणती खिडकी सैल झाली ते लगेच कळते. संचातल्या नाण्यांना भोक पाडून दोऱ्यात ओवण्याचा विचार मनात येईल, तो सोडावा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

निवडलेली चिल्लर बँकेत न्यायची तर शंभर-शंभरच्या पारदर्शक प्लास्टिक पिशव्या कराव्यात. रिझर्व्ह बँकेनेच बँकांना ही सोय सुचवली आहे. पिशवीचे वजन करून मोजणी पडताळता येते, पण मालिका वेगळ्या ठेवल्या तरच. शंभर नवे एक रुपये ३०९ ग्रॅम भरतात, २०११ चे शंभर ३७९ ग्रॅम, त्याआधीचे ४८५ ग्रॅम. मिसळलेल्या पिशवीच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. ज्यांना वजनावर भर द्यायचा आहे त्यांनी एक रुपयाच्या दोन खिडक्यांचे डबे वेगळेच ठेवावेत. देण्याघेण्याच्या व्यवहारात एक रुपया आणि वरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बँकेत भरताना मात्र अशी मर्यादा नाही. तरी एका वेळी थोडी न्यावीत हे बरे. २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानात जमणारी नाणी ठेवायला तिथल्या काही बँकांकडे जागाच उरली नाही, ही बातमी राज्यभर झाली होती. नाणी जड असतात, जागा खातात, आणि मोजणाऱ्या माणसाचा वेळही खातात. दहाच्या नाण्यांबद्दल मधल्या काळात उठलेल्या अफवांवर रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी खुलासा केला की तोवर निघालेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत. त्यामुळे ₹ चिन्ह असलेली आणि नसलेली दहाची नाणी बिनधास्त एकाच डब्यात पडू द्यावीत.

मापे पुन्हा बदलतील हे धरूनच यंत्र बांधावे. खिडक्यांच्या वरच्या कडा पाठीतच कापून काढण्यापेक्षा वेगळ्या अरुंद पट्ट्यांच्या कराव्यात, आणि त्या लांबट भोकांतून स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे मिलिमीटरभर वरखाली सरकतात. नव्या मापाचे नाणे हाती आले की आधी त्याला चुंबक लावून पाहावा, मग व्हर्नियर कॅलिपरने व्यास आणि जाडी घ्यावी, मग ग्रॅमच्या काट्यावर वजन. या नोंदी यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात घालाव्यात, ते नाणे चालू खिडक्यांपैकी कोणत्या खिडकीत कोणाबरोबर पडेल ते तिथेच पाहावे, आणि त्यानंतरच पट्टीचा स्क्रू सैल करावा.